एक जग गरम, दीड जग थंड

सेलूच्या बाजारगल्लीत लोक धान्याच्या मोठ्या काट्यावरही अधूनमधून शंका घेतात. पण तानाबाईच्या उजव्या कोपरावर चाळीस वर्षांत कोणी घेतली नाही.

बाळं आणि बाळंतिणी न्हाऊ घालणं हा तानाबाईचा धंदा. घंगाळात कढत पाणी, शेजारी थंड पाण्याची बादली. तानाबाई पदर खोचते, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेते, पाय लांब करून पाटावर बसते आणि गरम पाण्यात थंड पाणी सोडायला लागते. याला विसण घालणं म्हणतात. मध्येच ती कोपर पाण्यात बुडवते आणि डोळे मिटते, जणू कोपराला काहीतरी ऐकू येतंय. "अजून अर्धा लोटा," असं स्वतःशीच म्हणते. मग पहिला लोटा स्वतःच्या उघड्या पायांवर ओतते. पायांनी होकार दिला की बाळ पायांवर येतं आणि दुसरा लोटा त्याच्या वाट्याला.

हे सगळं दार लावून. कोणी विचारलंच तर ती सांगायची, "नजर लागते जी लेकराले." हलवाई पाक करताना लोकांना भट्टीजवळ उभं राहू देत नाही, त्याचंही कारण बहुधा नजरच असावं.

तिनं आजवर किती लेकरं न्हाऊ घातली, याचा आकडा तिच्याजवळ नाही. पण कोणाच्या अंगावर कुठे काय आहे, ते पक्कं पाठ आहे. मागे एकदा एसटी स्टँडवर पतसंस्थेचे मॅनेजर, टाय वगैरे लावून, चार माणसांत तिच्या पाया पडले.

"ओळखलं का, तानाबाई?"

"तुले नाई ओळखनार? तुह्या ढुंगनावर रुपयाएवढा काळा डाग होता ना? हाय का गेला बाप्पा?"

मॅनेजर त्या दिवशी पुढची गाडी मिळेल त्या गावाला गेले. गल्लीतले एक नगरसेवक मतं मागायला घरोघर जातात, पण तानाबाईचं घर टाळून. तिचं एक मत गेलं तरी चालेल, असा त्यांचा हिशोब आहे.

तर अशी ही बाई. पण गेल्या दोनतीन वर्षांत तिच्या कोपराला काम कमी झालं होतं. दवाखान्यातून सुटी होताना छापील कागद मिळायचा, त्यात न्हाऊ घालणाऱ्या बाईचा उल्लेखच नसायचा. उरलेलं मोबाइल दाखवायचा. दिवाळीपासून तिला दोनच घरांनी बोलावलं होतं. म्हणूनच प्रभाकररावांच्या रक्षाचं बाळंतपण माहेरी होणार हे कळल्यापासून तानाबाई गल्लीभर सांगत सुटली होती, "रक्षाचं लेकरू मीच न्हाऊ घालनार. रक्षाले मीनं घातलं, तिच्या भावाले मीनं घातलं, मंग लेकराले काय दुसरं कोनी घालंन?"

प्रभाकररावांचं किराणा दुकान गल्लीत सर्वात मोठं. त्यांनी घराला जो रंग दिला तो पुढच्या वर्षी चार घरांना लागला. त्यांनी तानाबाईला बोलावलं तर बाकीचे बोलावतील. त्यांनी नाही बोलावलं तर कोपराला कायमची सुटी. एवढं साधं होतं ते, आणि तानाबाईला ते पुरतं ठाऊक होतं.

पौषातल्या एका दुपारी प्रभाकररावांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई यांनी तिला मागच्या पायरीवर चहा दिला आणि इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आल्या.

"तानाबाई, मागची चूल मोडली बरं आमी."

"पाह्यली ना. टाइल लावल्या. आत्ताच पाय घसरला माहा."

"बंब पन भंगारात देऊन टाकला."

"मंग पानी काय उन्हात ठेवसान का तापाले?"

"गिझर घेऊन राह्यलो. आमचा धीरज म्हनते, टाकीवाला नको, इन्स्टंट घ्या. त्यात आकडा दिसते म्हनते. अडतीस म्हनलं का अडतीस. नळ सोडला का डायरेक्ट लेकराजोगतं पानी. मिसळाचं कामच नाई."

तानाबाईच्या बशीतला चहा तसाच राहिला.

"कामच नाई?"

"पान्याचं म्हनलं मीनं. तुमचं नाई म्हनलं."

"माहं काम पान्याचंच हाय, वहिनी."

दुसऱ्या दिवशी बंडूजी दोन खोके घेऊन प्रभाकररावांच्या बैठकीत हजर झाले. चौकातलं इलेक्ट्रिकचं दुकान त्यांचं. एका खोक्यात लहानसा, आकडे दाखवणारा इन्स्टंट. दुसऱ्यात पंधरा लिटरचा, टाकीवाला, गरोदर बाईसारखा गोल. बंडूजी दोन्ही विकत असल्यामुळे त्यांची मतंही दोन्ही होती. गिऱ्हाईक बोलल्याशिवाय त्यांचं मत तयार होत नसे.

तानाबाईला कोणी बोलावलं नव्हतं. म्हणून ती वेळेच्या आधी आली आणि उंबऱ्याला टेकून सुपारी कातरत बसली.

धीरज, रक्षाचा धाकटा भाऊ, मेकॅनिकल इंजिनिअर. नागपुरातून डिग्री घेऊन आलेला आणि तूर्त तुरीची डाळ मोजणारा. त्याने सुरुवात केली.

"बाबा, सिम्पल आहे. टाकीवाला म्हणजे पंधरा लिटर पाणी उगाच तापवत बसायचं, कोणी आंघोळ करो ना करो. इन्स्टंटमध्ये नळ सोडला की करंट चालू, नळ बंद की करंट बंद."

"हे मात्र बरोबर हाय," बंडूजी म्हणाले. "लोक आता हाच नेऊन राह्यले."

"पन टाकीवाला टिकते म्हनते ना?" प्रभाकररावांनी विचारलं.

"हे मात्र बरोबर हाय. टाकीवाल्याले तोड नाई."

"पण काका, तुमचं स्वतःचं म्हणणं काय?" धीरज वैतागला.

"माह्यं? मी काय म्हनतो का तुमी ठरवा. मी लावून देतो."

सुपारीचा एक कट् आवाज झाला.

"बंडूजी, एक इचारू? घरी वरन किती घडी ठेवता गॅसवर?"

"शिजेपर्यंत."

"आन् या लहान मशिनीत पानी किती घडी रायते?"

"रायतच नाई ना जी. इकडून आलं, तिकडून गेलं. तेच तं इन्स्टंट."

"मंग ते शिजलं कवा?"

बंडूजींनी खोक्याकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण कच्चं पाणी विकून राह्यलो का, असा भाव त्यांच्या तोंडावर.

"आजी, पाणी शिजत नसतं, पाणी तापतं," धीरज म्हणाला.

"चटका लागलेलं पानी आन् तापलेलं पानी यात फरक हाय, बापू. हे वरतून गरम, आतून थंडं. असं कच्चं पानी बाळंतिणीच्या अंगावर घातलं का वारं भरते."

"पाण्याला आतबाहेर नसतं!"

"तुह्या डिग्रीत नसंन. पानी मुरलं पाह्यजे. टाकीत अर्धा घंटा चुपचाप बसलं का मुरते. लोनच्यासारखं."

धीरज उत्तर द्यायला उठला, आणि तेवढ्यात लाइट गेली. पंखा घरघरत थांबला. सेलूच्या विजेचा स्वभाव असाच आहे, ती येताना कोणाची नसते पण जाताना कोणाची तरी बाजू घेऊन जाते.

प्रभाकरराव सावरून बसले. इतका वेळ ते दोघांचं ऐकत होते. आता त्यांना स्वतःचा प्रश्न सापडला.

"बंडूजी, समजा मी शेंडीपासून पायापर्यंत साबन लावून बसलो. अन् लाइट गेली. टाकीवाल्यात काय होईन?"

"काई नाई होत. तापलेलं पानी टाकीत हायच. घंटा-दोन घंटे हालत नाई."

"अन् यात?"

"यात..." बंडूजींनी गिऱ्हाइकाचा चेहरा वाचला. "यात थंड्या पान्यानं निपटून घ्या."

विज्ञानाचा निकाल तिथेच लागला. पण धीरजने हार मानली नाही. "ठीक आहे. टाकीवाला घ्या. पण त्यातून पाणी येणार साठ डिग्रीनं. बाळाला पाहिजे सदतीस-अडतीस. मिसळणार कोण? अंदाज चुकला तर? आजीचा कोपर काय मीटर आहे?"

"लाव ना तुहं मीटर," तानाबाई म्हणाली. आवाज अगदी बारीक होता, पण हातातला अडकित्ता खाली ठेवला होता. कोपराला आव्हान आजवर कोणी दिलं नव्हतं.

लाइट आली नव्हती तरी गॅस होता. धीरजने पातेल्यात पाणी साठ डिग्रीपर्यंत तापवलं, मोजून. तानाबाईने स्टीलचा एक जग घेतला आणि परात. घरातली सगळी माणसं स्वयंपाकखोलीच्या दाराशी जमली. रक्षा तर आठव्या महिन्याचं पोट घेऊन ओट्यालाच टेकली. तानाबाईने पाणी ओतलं, कोपर घातला, डोळे मिटले, अजून घोटभर थंड सोडलं.

"घाल."

थर्मामीटर म्हणाला, अडतीस.

"एकदा येऊ शकतं," धीरज म्हणाला. "पुन्हा."

साडेसदतीस. पुन्हा. अडतीस.

"हारला बे तू!" रक्षा ओरडली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बंडूजींनी सर्वात जोरात.

टाळ्या हा प्रकार तानाबाईला नवा होता. दाराआड काम करणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत. तिचा चेहरा असा उजळला की कोणी तिला सोळा वर्षांची म्हटलं असतं.

"अवं पन हे जमते कसं, बाप्पा?" बंडूजींनी विचारलं.

"त्यात काय मोठं!" तानाबाई पदराने कोपर पुसत म्हणाली. "पानी असं चांगलं कडक असलं का एक जग गरम, दीड जग थंड. आंदी गरम, मंग थंड. झालं!"

चाळीस वर्षं दार लावून जपलेली गोष्ट दीड ओळीत संपली. तिच्यासकट कोणालाच काही घडल्यासारखं वाटलं नाही. फक्त धीरजचा अंगठा मोबाइलवर हलला. त्याने ते लिहून घेतलं होतं.

टाकीवाला आला, भिंतीवर चढला. तानाबाईने त्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि जाताना त्याच्या पोटावरून हात फिरवून म्हणाली, "चांगलं पानी मुरव, बापा."

माघात रक्षाला मुलगी झाली, सावंगीच्या दवाखान्यात. छापील कागद याही वेळी मिळाला. अन्नपूर्णाबाईंनी तो देव्हाऱ्याखाली सारला आणि बाळाची नाळ पडल्यावर तानाबाईला निरोप धाडला. तानाबाई गल्लीच्या मधोमध चालत आली. वाटेत तीन घरांसमोर थांबून कारण नसताना वेळ विचारली.

नऊ दिवस थाटात गेले. तिळाच्या तेलाची मालिश, आंघोळ, मग शेक. धीरज रोज दारातून थर्मामीटर आत द्यायचा. रोज अडतीस.

"पाह्य!" तानाबाई म्हणायची. "रोज बरोबर!"

आकडा बरोबर आला की तिला वाटायचं कोपर जिंकला. एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. चुलीवरचं पाणी कधी सारखं नसायचं. एक दिवस जळणाला वाळलेली पऱ्हाटी मिळायची, पाणी नुसतं उकळायचं; एक दिवस ओली तुराटी, डोळे चुरचुरायचे अन् पाणी कोमट. रोज नवं पाणी, रोज नवा हिशोब. म्हणून तर कोपर लागायचा. टाकीवाला तसा नव्हता. तो रोज तेवढंच तापायचा, तिथेच बंद व्हायचा, सरकारी शिक्क्यासारखा. एक जग गरम, दीड जग थंड. पहिल्या दिवशी तेच, नवव्या दिवशी तेच.

दहाव्या दिवशी तानाबाई न्हाणीघरात गेली तर गिझरखाली एक कागद चिकटवलेला. वरून प्लॅस्टिक लावलेलं, पाण्यानं खराब होऊ नये म्हणून. त्यावर ठळक छापलं होतं: १ जग गरम + दीड जग थंड = ३८. आधी गरम, मग थंड.

"हे काय म्हनते?" तिने विचारलं.

"तुमचंच म्हननं हाय," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. मग नजर टाळून, "तानाबाई, या वयात किती दमसान तुमी. रोज येनं, रोज वाकनं. मालिश तं मलेही येते. उद्यापासून मीच घालतो न्हाऊ. नातीचं कराव वाटते ना जी."

आजीला नातीला न्हाऊ घालावंसं वाटतं, तेव्हा गाव त्याला चांगलंच म्हणतं. तानाबाईला साडी मिळाली, डब्यात डिंकाचे लाडू मिळाले, रक्षाने वाकून नमस्कार केला आणि धीरजने फोटो काढला. इतका चांगला निरोप तिला आजवर कोणी दिला नव्हता. सव्वा महिना पुरा करून निघताना लोक नुसतं "येजो" म्हणायचे.

घरी न जाता ती थेट बंडूजींच्या दुकानात गेली आणि स्टुलावर बसली.

"बंडूजी, खरं सांगजा. ते टाकीवाल्याचं पानी रोज सारखंच काऊन रायते?"

"थर्मोस्टॅट हाय ना त्यात. ठरल्याएवढं तापलं का कट. उन्हाळा असो का हिवाळा, तेवढंच."

"आन् तो दुसरा? लहान?"

बंडूजी हसले. गिऱ्हाईक नसल्यामुळे ते खरं बोलू शकत होते.

"त्याचं नका इचारू. नळ जादा सोडला का थंड. कमी सोडला का चटका. तिकडं कोनी भांडे घासाले नळ उघडला का इकडं पानी उकळते. लाइट कमी आली का कोमट. आकडा एक दाखवते, पानी दुसरंच येते. आपल्या गावात तं त्याले दर मिनिटाले हात लावून पाहा लागते."

"हात?"

"हात. नाई तं कोपर."

तानाबाईने मान वळवली. काचेआडून तो लहान खोका तिच्याकडे पाहत होता. ज्याला तिने भर बैठकीत कच्चा म्हटलं, त्याला ती जन्मभर लागली असती.

पुढच्या महिन्यात तिला कोणीच बोलावलं नाही. कागद मात्र चार घरांत गेला; धीरजने मागेल त्याला पाठवला. खाली त्याने माणुसकीनं लिहिलं होतं, "सौजन्य: तानाबाई".

होळी झाली, पाडवा झाला आणि वर्ध्याकडचं ऊन जसं येतं तसं आलं, एका आठवड्यात. अन्नपूर्णाबाईंना घरचा स्वयंपाक, दुकानातल्या माणसांचा चहा सगळं उरकून आंघोळ घालायला बारा वाजायचे. अशाच एका दुपारी त्यांनी कागदाकडे पाहून एक जग गरम घेतलं, दीड जग थंड ओतलं, पाय लांब केले आणि रीतीप्रमाणे पहिला लोटा स्वतःच्या पायांवर सोडला.

"आई गं!"

बाळ रक्षाच्या हातातच होतं, म्हणून निभावलं. धीरज थर्मामीटर घेऊन धावला. सत्तेचाळीस.

"गिझर बिघडला," धीरज म्हणाला.

बंडूजी आले. थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस. बंडूजींनी अख्खा गिझरच बदलला. तिसऱ्या दिवशीही पाय भाजले. धीरजने गरम पाणी तीनदा मोजलं; तिन्ही वेळा साठ. जग तोच, कागद तोच, बेरीज तीच. थंड पाण्यात थर्मामीटर बुडवायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. ते थंड आहे, असं कागदावरच लिहिलं होतं.

"दादा, गिझर सोळा आने बरोबर हाय," बंडूजी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"कागदही बरोबर आहे," धीरज म्हणाला.

"अन् माह्ये पाय?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं, आणि चप्पल घालून निघाल्या.

तानाबाई अंगणातल्या खाटेवर कुरड्या वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "काऊन वहिनी, कागद फाटला का?"

"टोमने मंग मारजा, तानाबाई. पोरीची तीन दिवसांची आंघोळ नाई. नुसतं पुसून राह्यलो."

"मशीन काय म्हनते?"

"मशीन बरोबर हाय म्हनते."

"आन् कागद?"

"कागदही बरोबर हाय म्हनते."

"मंग पानीच चुकून राह्यलं म्हना."

तिने उरलेल्या कुरड्या घालून घेतल्या. घाई करणं तिला परवडण्यासारखं होतं, पण शोभण्यासारखं नव्हतं. मग हात धुतले, केस नीट केले, आणि पुन्हा गल्लीच्या मधोमध चालत प्रभाकररावांच्या घरी गेली. या वेळी वेळ कोणाला विचारली नाही, लोकांनीच विचारलं, "तानाबाई, कुठं?"

"जिथं बोलावलं तिथं."

न्हाणीघरात सगळे वर गिझरकडे पाहत उभे होते, देवळात गाभाऱ्याकडे पाहतात तसे. तानाबाईने वर पाहिलंच नाही. ती खाली बसली, थंड पाण्याच्या बादलीत कोपर घातला, डोळे मिटले, आणि हसायलाच लागली. असं हसली की बाळ दचकून तिच्याकडे पाहायला लागलं.

"याले तुमी थंड म्हनता?"

धीरजने थर्मामीटर बादलीत घातला. एक्केचाळीस. मग हळूच छताकडे पाहिलं. गच्चीवर, भर उन्हात, काळी टाकी बसली होती, हजार लिटरची, सकाळपासून तापत.

"पानी उन्हात ठेवता का, म्हनून इचारलं होतं ना मीनं, वहिनी?" तानाबाई म्हणाली. "तवा गिझर म्हनल्या."

प्रभाकररावांनी खाकरून विचारलं, "मंग आता गिझरचं काय कराव?"

"बटन बंद. दिवाळीपर्यंत सुट्टी त्याले."

"अन् आंघोळ?"

"हेच टाकीचं पानी घ्या, आन् अंगनातल्या रांजनातलं गार पानी त्यात टाका, दोन..."

ती थांबली. न्हाणीघर थांबलं. अन्नपूर्णाबाई पुढे वाकल्या. बंडूजींनी कान टवकारले. धीरजचा अंगठा मोबाइलवर अधांतरी होता.

"दोन काय, आजी?"

तानाबाईने एकेकाकडे पाहिलं, मग त्या अंगठ्याकडे.

"दोन पावलं मांगं सरा सगळे. बाहीर व्हा. दार लाव रे, धीरज."

"पण आजी, प्रमाण तर..."

"नजर लागते लेकराले."

दार लागलं. आतून लोट्याचा आवाज आला, मग पायांवर पडणाऱ्या पाण्याचा, मग बाळाचा, पण रडण्याचा नव्हे. धीरज दाराला कान लावून लोटे मोजत होता, हे रक्षाने पाहिलं आणि त्याला कान धरून बाजूला केलं.

रक्षा मे महिन्यात आर्वीला सासरी गेली, तोवर तानाबाई रोज आली. गिझरच्या पाइपवर ती आपला पंचा वाळत घालायची. त्या उन्हाळ्यात त्याने केलेलं तेवढंच काम. कागदही भिंतीवर राहिला, कारण त्याला लावलेलं प्लॅस्टिक चांगल्या प्रतीचं होतं.

एका संध्याकाळी बंडूजींनी तिला दुकानात हाक मारली. चहा मागवला, स्वतः स्टूल पुसून दिलं. त्यांची सून मयुरी पोटुशी होती. दिवस मार्गशीर्षात भरणार होते, ऐन थंडीत.

"तानाबाई, तुमालेच बोलावनार हो आमी. पन एक सांगा. घरी गिझर नाई माह्या. लोकाइच्या घरी लावता लावता राहूनच गेला. कोनता लावू?"

दोन्ही खोके काउंटरवर होते. तानाबाईने दोघांकडे आलटूनपालटून पाहिलं, स्थळं पाहावीत तसं. मग लहान खोक्यावर बोट ठेवलं.

"हाच. इन्स्टंट."

बंडूजींचा चहा ओठांशीच थांबला. "पन... तुमीच तं म्हनलं होतं, पानी टाकीत मुरलं पाह्यजे?"

"मुरलं का शिळं होते, बंडूजी. हे कसं, ताजं पानी. नळ सोडला का गरम."

"पन त्याचं पानी दर घडीले बदलते. मीच तं सांगतलं तुमाले! मंग कसं कराचं?"

तानाबाईने बशी खाली ठेवली, पदराने कोपर पुसला.

"मी हाय ना."

बंडूजींनी टाकीवाल्याकडे पाहिलं, इन्स्टंटकडे पाहिलं, कोपराकडे पाहिलं. या वेळी गिऱ्हाईक ते स्वतःच होते आणि तरीही त्यांना स्वतःचं मत सापडत नव्हतं. शेवटी त्यांनी लहान खोका फडक्याने पुसून घरी न्यायला बाजूला ठेवला.

"हे मात्र बरोबर हाय," ते म्हणाले.